चार बोटं वर चढलेला उजेड

या ग्रुपवरचे अनुभव मी आवडीने वाचते आणि बहुतेकांना मनातल्या मनात नापास करते. वाऱ्याने दार वाजलं, मांजर रडलं... की झाला अनुभव. आम्ही बौद्ध. आमच्या गाडीला कधी लिंबू-मिरची लागली नाही. त्यात कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये नोकरी लागल्यापासून माझा स्वभाव आणखीच खवट झालाय. त्यामुळे हे लिहिताना मलाच ओशाळल्यासारखं होतंय. तरी लिहिते, कारण ही नुसती पाहिलेली नाही, मोजलेली गोष्ट आहे.

लोअर परळला आमची चाळ आहे. समोर बंद मिलची लांब भिंत, आणि भिंतीच्या अलीकडे आमची गाडी उभी असते. बाबांनी जन्मभर साहेब लोकांच्या गाड्या चालवल्या आणि रिटायर झाल्यावर स्वतःसाठी एक सेकंडहँड छोटी गाडी घेतली. तिचे लाड आमच्यापेक्षा जास्त. मला ड्रायव्हिंग शिकवायच्या आधी त्यांनी बल्ब बदलायला शिकवलं. त्यांचा नियम एकच — आधी हवा, मग दिवा. एका टायरात जरी हवा कमी असली तरी गाडी कलते आणि तिच्याबरोबर उजेडही कलतो. म्हणून आधी चारही टायर सारखे करायचे, गाडी भिंतीसमोर ठरलेल्या जागी लावायची, हेडलाइट चालू करायचा आणि स्वतः बाहेर यायचं. आत कोणी बसायचं नाही; मागे वजन आलं की गाडीचं नाक उचलतं आणि उजेड वर चढतो. भिंतीवर त्यांनी पिवळ्या ऑइलपेंटने आडवी रेघ मारून ठेवली होती. लो बीमचा वरचा काठ त्या रेघेवर आला पाहिजे. "वर गेला तर समोरच्याच्या डोळ्यांत जातो, आणि तो आपल्या खानदानाचा उद्धार करतो," असं म्हणायचे.

गेल्या वर्षी बाबा गेले. बरेच महिने आजारी होते, पण गेले ते याच गाडीत. भर दुपारी मी त्यांना परळच्या हॉस्पिटलला नेत होते. मागे डावीकडे बाबा, शेजारी त्यांचा हात धरून आई. पुलाखाली ट्रॅफिक तुंबलेला, मी हॉर्नवर हॉर्न देत होते. तेवढ्यात आई शांतपणे म्हणाली, "सावकाश चालव आता." मला कळलं.

त्यानंतर आई त्या गाडीत बसली नाही. गुडघे दुखतात, तरी दादरला मावशीकडे जायला बसच्या रांगेत उभी राहील, टॅक्सी करील, पण आमच्या गाडीचं नाव काढलं की "बघू" म्हणून भांडी घासायला घ्यायची. शेवटी मी गाडी विकायची ठरवली. खरं सांगते, मला ती विकायची अजिबात नव्हती. आईने एकदा, फक्त एकदा तिच्यात बसावं एवढंच मला हवं होतं. ती बसत नव्हती तोवर आम्हा दोघींची ती दुपार काही संपत नव्हती.

आमच्या कॉलेजच्या लायब्ररीतला मंदार माहीमला राहतो. त्याला गाडी हवी होती, तो रविवारी संध्याकाळी बघायला येणार होता. त्याच सकाळी उजव्या हेडलाइटचा बल्ब उडालेला दिसला. म्हटलं, शेवटची सेवा. मागचं रबर काढलं, क्लिप सोडवली, नवा बल्ब फडक्यात धरून बसवला — काचेला बोट लागलं तर बोटाच्या तेलाने बल्ब लवकर जातो. हवा भरून आणली. दिवेलागणीला गाडी भिंतीसमोर लावली, लाइट लावून खाली उतरले.

उजेड रेघेच्या वर होता. चांगला चार बोटं.

आधी वाटलं, बल्ब वाकडा बसला. पण मी उजवा बदलला होता आणि डावाही तेवढाच वर चढला होता. आत डॅशबोर्डवर उजेड वर-खाली करायची चकती असते, ती शून्यावर होती. लॅबच्या सवयीने मी उजेडाच्या काठावर भिंतीवर खडूने खूण केली. तेवढ्यात मंदार आला.

"मागे काय भरलंयस गं?" त्याने पहिलं हेच विचारलं.

"काही नाही रे. रिकामी आहे."

त्याने डिकी उघडून पाहिली, मग मागे जाऊन वाकला. "अगं, डावीकडे बसलीय बघ गाडी. टायरच्या वरची फट बघ, या बाजूला केवढी आणि त्या बाजूला केवढी."

खरंच होतं ते. मी गेज लावून पुन्हा हवा मोजली. चारही टायर सारखे. "स्प्रिंग गेली असेल," मी म्हटलं. माझा त्यावर पूर्ण विश्वास होता, आणि आता गिऱ्हाईक जाणार याचं मनातून बरंही वाटत होतं.

आई गॅलरीतून बघत होती. ती खाली आली. "काय झालं गं?"

मी सांगितलं — मागे कोणी बसल्यासारखी गाडी दबलीय, स्प्रिंग बघायला पाहिजे. आईने मागच्या सीटकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मागचं उजवं दार उघडून ती आत बसली.

ती बसली तसा उजेड आणखी वर चढला. तेवढं फिजिक्स ठीक होतं. आईने शेजारच्या रिकाम्या सीटवर हात ठेवला आणि हळू आवाजात काहीतरी बोलली. काय ते आम्हाला ऐकू आलं नाही आणि मी आजवर विचारलेलं नाही. मग गाडी किंचित हलली, कोणी उतरताना हलते तशी... आणि आई आतच असताना भिंतीवरचा उजेड खाली आला. मंदारने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. आई उतरली तेव्हा काठ बरोबर पिवळ्या रेघेवर होता.

"चहा घेऊन जा रे बाळा," आई मंदारला म्हणाली. "गाडी काय मिळायची नाही."

दुसऱ्या दिवशी ती मावशीकडे गाडीतून गेली. पुढे, माझ्या शेजारी बसून. मी डोळे पुसत गाडी चालवतेय म्हणून सबंध रस्ताभर मला ओरडत होती.

गॅरेजमध्ये गाडी उचलून तपासली, स्प्रिंगा ठणठणीत निघाल्या. जमिनीचा उतार मी स्वतः पाण्याच्या लेव्हलने पाहिला. काही सापडलं नाही. मग पुढच्या रविवारी एक प्रयोग केला. भिंतीवरची खडूची खूण अजून होती. मागच्या डाव्या सीटवर किती वजन ठेवलं की उजेड तिथवर चढतो, ते बघायचं होतं. पाण्याचे वीस लिटरचे जार आणले. बाबा म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर दांडगा माणूस, म्हणून एकदम तीन ठेवले. उजेड खुणेच्या बराच वर गेला.

"एक काढ," गॅलरीतून आई म्हणाली. "शेवटी एवढे कुठे राहिले होते ते."

मी एक जार उतरवला. उजेडाचा काठ खडूच्या खुणेवर येऊन थांबला. का, ते मला अजूनही सांगता येत नाही.