सागवानावर रंगवलेलं -n

कॉम्प्युटरच्या टर्मिनलवर बसणाऱ्या मंडळींनो, सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून इथंच लिहितो.

उद्या आमच्या डेपोत सागवानाचा लिलाव आहे. थप्प्यांचे क्रमांक छापायचा प्रोग्राम मी चंद्रपूरच्या युनिक्स मशीनवर लिहिला होता. काल तोच इथं गडचिरोलीला, दुसऱ्या कंपनीच्या युनिक्सवर चालवला. आपल्या जुन्या मशीनवर echo या छापायच्या कमांडला -n दिलं की ती ओळ तोडत नाही, पुढचं त्याच ओळीत छापते, बस. या नवीन बयेनं प्रत्येक क्रमांकाआधी -n हेच छापून दिलं.

लाकडावर क्रमांक रंगवणाऱ्या देवाजीभाऊंनी कागदावर दिसलं ते रंगवलं. आज सकाळी पाहतो तर सगळ्या थप्प्यांवर -n!

साहेब त्यांच्यावरच ओरडले, "उद्यापासून येऊ नको!"

"कागद तुमचाच होता ना साहेब? त्यातलं मी काऊन सोडू?"

मी त्या नवीन मशीनच्या कंपनीतल्या इंजिनिअरला फोन लावला. तो हसला. म्हणे, "आमचं echo असंच असते. मॅन्युअल वाचायचं होतं."

"अरे, नाव तेच ठेवता, मंग काम काऊन बदलवता? दुसरं नाव सुचलं नाई काय?"

त्यानं फोन ठेवला. साहेबांना मी सगळं समजावलं. ते म्हणाले, "संध्याकाळपर्यंत पुसलं तर पाहू." देवाजीभाऊ अजून खरडून राह्यले आहेत.

सगळ्या युनिक्ससाठी अमेरिकेत एकच नियम लिहिणं सुरू आहे म्हणतात. लिहा बाबांनो, लवकर लिहा. पण तोवर कंपन्यांच्या मनमानीपायी देवाजीभाऊंनी घरी बसायचं काय? तुम्हीच सांगा.