अदलाबदलीची पोरं

मुलगा म्हणतो, "आई, या वयात एवढा राग बरा नाही. बीपी वाढेल." वाढू दे. रागाला काय वयाची अट असते? आणि जिच्यासाठी राग येतो ती तर निघून गेली, तोंडातून वावगा शब्द न काढता. मग कुणीतरी बोलायला नको?

ती म्हणजे आमच्या समोरच्या घरातली म्हातारी. इथं अरबांच्या देशात, रुवैसला, रिफायनरीवाल्यांची वसाहत आहे. सगळी घरं एका साच्यातली, बाहेर ऊन आणि आत एसी. माझा मुलगा आणि तिचा मुलगा एकाच प्लांटवर, दोघांच्या बायका नोकरीला. तेव्हा पोरं सांभाळायला दोन म्हाताऱ्या आणून ठेवलेल्या, एक मी आणि एक ती. त्यांच्यात मोठ्या बाईला नेनी म्हणतात, म्हणून मीही तिला नेनीच म्हणायची. मोडक्या इंग्रजीत आमचं चालायचं. माझं मोडकं, तिचं माझ्याहून मोडकं, त्यामुळं कुणाला लाज नाही.

पहिल्यांदा ती म्हणाली, आपली भाषा हंगेरियन पण देश सर्बिया, तेव्हा तिला वाटलं ही बाई आता गोंधळणार. मी कशाला गोंधळतेय? मी निपाणीकडची. घरात मराठी, सरकारी कागद कानडीत. "व्हिलेज सेम प्लेस, सरकार चेंज," मी म्हटलं. तिनं माझा हात घट्ट धरला तो बराच वेळ सोडला नाही.

मग ती गाव सांगायला लागली. रोज थोडं थोडं, भोपळी मिरचीत सारण भरता भरता. तिच्याकडच्या सणाच्या पोळीत खसखस लागते, आमच्या अनारशांना लागते, आणि या देशात खसखशीला बंदी. त्यावरून आम्ही दोघींनी आपापल्या भाषेत यथेच्छ शिव्या दिल्या आहेत.

तर तिचं गाव. आधी तिथं नुसती दलदल होती. हंगेरियन बोलणारी गरीब माणसं बैलगाड्या घेऊन वरच्या अंगाकडून आली, तंबाखू लावायला. जमीनदार म्हणाला, दलदल उपसा, तंबाखू पिकवा, तोवर राहा. त्यांनी चर खणले, मातीच्या भिंती घातल्या, पानं माळेत ओवून वाळवली. पानांचं मला कुणी सांगायला नको, आमच्याकडं लहानपणी माझ्या बोटांचा काळा चीक जात नसे. जमीन कसदार झाली तशी मुदत संपली, चला उठा! मग त्यांनी घराच्या चौकटी उपटल्या, गाड्यांवर घातल्या आणि थोडं पुढं जाऊन पुन्हा गाव मांडलं. दारं तीच, गाव नवं.

मागून स्लोव्हाक आले, जर्मन आले, सर्ब होतेच, रोमानियन आले, विटा पाडणारे जिप्सी आले. एका गल्लीत चार भाषा. भांडणं कशी करायची? तेव्हा त्या बायकांनी एक रीत काढली, आणि ती ऐकल्यापासून मी त्या गावाच्या प्रेमात आहे. सुगी संपली की पोरांची अदलाबदल. हंगेरियन पोर जर्मनाच्या घरी, जर्मनाचं हंगेरियनाच्या घरी, पार वसंतापर्यंत. त्या घरचं जेवायचं, त्या घरची कामं करायची, मारही त्या घरचाच खायचा. परत येताना पोर दुसरी भाषा आणि दुसरी आई घेऊन यायचं.

नेनीची आजी अशीच एका जर्मन घरी राहिलेली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी हरल्यावर गावातल्या जर्मनांना हाकलून नेलं, तेव्हा ती रस्त्याच्या कडेला उभी राहून त्या दुसऱ्या आईला जर्मन भाषेत हाका मारत होती. लोक म्हणाले, गप बस, तुलाही नेतील. ती गप बसली नाही. हे सांगताना नेनीच्या हातातली मिरची तशीच राहायची.

आता तिथं काय, अर्धी घरं बंद. तरणी पोरं जर्मनीत नाहीतर इथं. नेनीची एकच इच्छा होती. नातवानं हे गाव तिच्या तोंडून, तिच्या भाषेत ऐकावं. नातू तेव्हा आठ वर्षांचा, बापाशी इंग्रजी, आईशी इंग्रजी. नेनी काही बोलली की म्हणायचा, "इंग्लिश प्लीज." माझ्या नातीचं तरी काय वेगळं? "बाळा, पाणी हवंय का?" तर "नो थँक्स, आजी."

म्हणून आम्ही ठरवलं, आपण पण अदलाबदल करू. शाळेची बस आली की तिचा नातू माझ्याकडं, माझी नात तिच्याकडं. आयांना विचारलं. त्यांना काय, पोरं कुठंतरी बसल्याशी मतलब.

आणि जमलं की हो! परक्या घरात पोरं लाडात येत नाहीत, ऐकतात. तो भाकरी थापायला लागला. "आजी, ही जळली," असं आपणहून म्हणायला लागला. माझी नात तिकडं हंगेरियन गाणी म्हणत उड्या मारायची. आम्ही दोघी खूश. येड्या कुठल्या!

नेनीच्या नातवाचा वाढदिवस होता. सगळे त्यांच्या टेबलाशी जेवायला, आमटी मी करून नेलेली. माझी नात नेनीला बिलगून तिच्या भाषेत काहीबाही बडबडतेय, नेनी हसून उत्तर देतेय. आणि पोरगा माझ्याकडं वळून म्हणतो, "आजी, मला अजून आमटी दे ना." नेनीनं त्याच्याकडं बघितलं. मग तिच्या भाषेत त्याला काहीतरी विचारलं, हळूच. तो म्हणाला, "इंग्लिश प्लीज, ग्रॅनी."

तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. त्या गावच्या पोरांची स्वतःची भाषा घरातच होती, ती दुसरी आणायला जायची. आमच्या पोरांना पहिलीच नव्हती. आम्ही एकमेकींच्या नातवंडांना सोन्यासारख्या भाषा दिल्या आणि आपापली रिकामी ठेवली.

तिचा मुलगा हसला. "गुड ना, मम्मा! आता तुला बोलायला इंडियन गर्ल मिळाली." माझा मुलगा मोबाईल काढून व्हिडिओ घेत होता. "हाऊ क्यूट! ग्रुपवर टाकतो."

मी म्हटलं, "ठेव तो फोन खाली."

"अगं, काय झालं?"

"काय झालं? तिच्या सख्ख्या नातवाला गावाचं नाव धड घेता येत नाही आणि तू क्यूट म्हणतोस? तुझी पोरगी तिच्याशी बोलते, माझ्याशी बोलते का?"

"आई, चिल. इथं मराठीचा उपयोग काय? पुढं कॅनडाला गेलो तर?"

"मी काय उपयोगाची म्हणून ठेवलीस का इथं?" म्हटलं मी. सून माझ्याकडं बघेना. नेनीनं केक कापायला घेतला.

दुसऱ्या दिवसापासून तिनं नातवाला दुपारी घरी ठेवून बघितलं. त्याला समोर बसवायची, बैलगाड्यांपासून सुरुवात करायची. तो कंटाळून रडायचा, माझ्याकडं, आजीकडं, जायचं म्हणायचा. त्याच्या आईनं सांगितलं, "मम्मा, डोन्ट फोर्स हिम." झालं, खलास! मी त्याला दारातून परत पाठवायची तर तो पायरीवर बसून राहायचा. मला त्याचा राग येईना. राग यायचा तो थोरांचा, ज्यांनी जन्मापासून एक शब्द दिला नाही आणि वर 'फोर्स' म्हणतात.

मग तिच्या मुलाची बदली ठरली. पुढच्या देशात आईचा व्हिसा होत नाही म्हणाले. शाळा संपायच्या आधीच तिचं तिकीट काढलं, तिकडं, त्या बंद घरांच्या गावाला. जाताना तिनं माझ्या नातीला जवळ घेतलं आणि दोघी किती वेळ बोलत राहिल्या. तिचा मुलगा गाडीपाशी उभा राहून ओरडला, "यल्ला, चल मम्मा, उशीर होतोय." नातवानं तिला हग दिला, "बाय ग्रॅनी." ती गेली.

आठवड्यानं तो पोरगा माझ्याकडं आला. पिठाच्या डब्यापाशी बसला आणि म्हणाला, "आजी, ग्रॅनी रोज मला काय सांगायची गं?"

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. आत्ता विचारतोस? पण तो नऊ वर्षांचा. ज्याला जाब विचारायचा तो त्याचा बाप समोरच्या घरात खोकी बांधत होता.

मी सांगितलं. आधी दलदल होती, म्हटलं. मग गाड्या आल्या. तंबाखू, चौकटी, सगळं सांगितलं, मराठीतून. त्यानं विचारलं, "मग ग्रॅनीची आजी हाका का मारत होती?" तेही सांगितलं.

नीट ऐकलं त्यानं, पण मला समाधान झालेलं नाही, कुणी तसं समजू नये. त्या गावाच्या नातवाला त्याचं गाव मराठीत ऐकावं लागलं, निपाणीकडच्या बाईच्या तोंडून. हे काम माझं नव्हतं. त्याच्या बापाचं होतं, आणि तो मला दारात बघून अजून हसून "हॅलो, आंटी" म्हणतो. मी उत्तर देत नाही.