अंबादासकाकांचा कोरा माणूस

अंबादास खोब्रागडे यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता: "बेटा, तुला कंप्यूटर येतो का?"

मी नाही म्हणाले. मी साहित्यात एम.ए. केलं होतं आणि घरी बसले होते. वर्षभर हाच प्रश्न मला सगळे विचारत होते आणि उत्तर ऐकून मान हलवत होते. काकांचा चेहरा मात्र उजळला. त्यांनी आत हाक मारून बायकोला सांगितलं की मुलगी मिळाली, अगदी कोरी आहे.

माझ्या न येण्याला पहिल्यांदाच मागणी आली होती. मी लगेच हो म्हणाले. कशाला ते नंतर विचारलं.

काका चेरीताल मोहल्ल्यात आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात. त्यांचे वडील भंडाऱ्याहून जबलपूरला संरक्षण खात्याच्या कारखान्यात आले. काकाही तिथेच लागले आणि छत्तीस वर्षं तपासनीस होते. त्यांच्या शेडमध्ये एक रीत होती. यंत्र कसं जोडायचं याचा नवा कागद तयार झाला की तो लिहिणाऱ्यानं स्वतः तपासायचा नाही. दुसऱ्या शेडमधून असा माणूस आणायचा, ज्यानं ते यंत्र कधी हातात धरलेलं नाही. त्याला कोरा आदमी म्हणत. त्यानं लिहिलंय तेवढंच करायचं. जिथे लिहिलेलं नाही, तिथे हाताची घडी घालून उभं राहायचं. लिहिणारा काचेच्या पलीकडे, तोंड बंद. कोरा आदमी थांबला, की चूक कागदाची.

निवृत्त झाल्यावर काकांकडे कागदच उरला नव्हता. मग बगळा आला.

त्यांची मुलगी विनीता बाहेरगावी नद्यांच्या पुराचा अभ्यास करते. पाण्याच्या पातळीचे आकडे वाचायला ती एक ओपन सोर्स लायब्ररी वापरते. म्हणजे फुकट मिळणारा तयार कोड. जगातल्या कोणीही घ्यावा, कोणीही दुरुस्त करावा. त्या लायब्ररीचं नाव एका परदेशी बगळ्यावरून ठेवलंय. चेरीतालमध्ये तिला बगळाच म्हणतात. विनीताला तो संगणकावर बसवता येईना. सुट्टीत घरी आली होती, सूचनांचं पान वाचून रडकुंडीला आली. काकांनी ते पान मागून घेतलं, छापलं आणि लाल पेन घेऊन बसले. तेवीस चुका निघाल्या. त्यांनी त्या क्रमांक घालून, विषय आणि संदर्भ लिहून, सरकारी इंग्रजीत बगळ्याच्या मालकांना कळवल्या. मालक म्हणजे चार देशांतले चार जण. त्यातल्या मुख्य, नॉर्वेतल्या एक बाई. त्यांनी उलट लिहिलं की इतकं दिसतंय तर तुम्हीच दुरुस्त करा.

काकांनी केलं. त्यासाठी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कोड वाचायला शिकले. दोन वर्षांत बगळ्याची सगळी पानं आणि बिल्ड स्क्रिप्ट त्यांच्याकडे आल्या. बिल्ड स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला दिलेली हुकमांची यादी. ती चालवली की सुटे भाग गोळा होतात, जोडले जातात आणि बगळा उभा राहतो. दर नव्या आवृत्तीआधी काका विनीताचा जुना लॅपटॉप पुसून कोरा करत, समोर मला बसवत आणि स्वतः खिडकीबाहेर ओट्यावर उभे राहत. मी थांबले की ते वहीत टिपत. मी जितकी थांबे, तितके ते खूश. एकदा एका पानावर मी चौदा वेळा थांबले. त्यांनी माझ्यासाठी खोव्याची जलेबी आणली.

चौथ्या आवृत्तीला मी एकदाही थांबले नाही. आम्हाला वाटलं, पान निर्दोष झालं.

आवृत्ती बाहेर पडली आणि तीन दिवसांत दीडशे तक्रारी आल्या. केनियातलं एक कॉलेज अडकलं. पेरूमधला एक माणूस अडकला. तो दोन वर्षं अडकतच होता, पण या वेळी त्याला सोबत मिळाली. सातव्या आणि आठव्या ओळीच्या मध्ये एक ओळ गळली होती: उतरवलेल्या फोल्डरच्या आत जा. काका ती लिहायला विसरले होते. आणि मी न लिहिलेली ओळ सवयीनं करून मोकळी झाले होते.

मला वाटलं ते रागावतील. ते माझ्याकडे हळहळून पाहत होते.

"तुला येऊन राहिलं आता," ते म्हणाले. "तू बाद झालीस, बेटा."

शिकले म्हणून काढून टाकलेली मी आमच्या घराण्यातली पहिलीच.

नॉर्वेच्या बाईंचं पत्र आलं. फार सभ्य पत्र होतं. अंबादास यांचे उपकार आहेत, पण आता माणसानं लिहिलेली पानं बंद करून कोडमधूनच आपोआप पानं काढावीत का, हे रविवारी चौघं ठरवतील. आपल्या दुपारी चार वाजता. त्याआधी दुरुस्त पान चालतंय असं दाखवता आलं, तर जरूर दाखवावं. काकांनी ते पत्र दोनदा वाचून घडी घालून खिशात ठेवलं. निवृत्तीनंतर त्यांनी लिहिलेलं कोणी अमलात आणत असेल, तर ते तेवढं एक पान होतं.  त्या दिवशी त्यांनी दोनदा दाढी केली.

रविवारी सकाळी आम्ही कोरा माणूस शोधायला निघालो.

शेजारचे तुळशीराम भैया आधी सापडले. ते बड़ा फुहाऱ्याच्या बाजारात कापडाच्या दुकानात विक्रेते आहेत. कोरे होते, पण थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. गिऱ्हाइकानं मागायच्या आधी तागा उलगडायची सवय. तिसऱ्या ओळीवरच "समझ गया, समझ गया" म्हणत त्यांनी पुढची चार बटणं दाबली. लॅपटॉप बंद पडला. काका ओट्यावरून काही बोलू शकत नव्हते, म्हणून त्यांनी खिडकीच्या गजावर कपाळ टेकलं. भैया जाताना म्हणाले की माल अच्छा है, बस थोडा धीमा है.

दोन वाजले. गल्लीत सगळे जेवून आडवे झालेले. उरल्या गीताकाकू.

गीताबाई खोब्रागडे अजून नोकरीत होत्या. सव्वीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर. अर्जात एक रकाना रिकामा दिसला की अर्ज परत. समोर ओळखीचा असो की मोठा साहेब. त्यांनी बगळ्याला दोन वर्षं हात लावला नव्हता. घरात एक तपासनीस पुरे, असं त्यांचं म्हणणं. काकांनी त्यांना कधी विचारलंही नव्हतं. त्या दुपारी विचारलं. माझ्यासमोर विचारलं, आणि खिशातलं पत्र काढून त्यांच्या हातात दिलं.

काकूंनी ते टपालखात्याच्या नजरेनं वाचलं. आधी तारीख, मग सही, मग मजकूर.

"मी करते," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही ओट्यावर नाही. गच्चीवर जा. तुमचा श्वास ऐकू येतो."

काका गच्चीवर गेले. मी वही घेऊन बसले. लॅपटॉप पुन्हा पुसून झाला होता. काकूंनी चष्मा लावला आणि पहिली ओळ बोट ठेवून वाचली.

असं वाचन मी कुठल्याही वर्गात पाहिलं नव्हतं. त्या प्रत्येक शब्दावर थांबत. लिहिलंय ते करत. पुढच्या ओळीकडे चोरून बघत नसत. गळलेली ओळ काकांनी घातली होती, ती त्यांनी व्यवस्थित पार केली. त्याआधी सहावी ओळ होती: आपल्या नावाचा फोल्डर तयार करा. मी इतके दिवस तिथे 'मीरा' लिहीत आले होते. काकूंनी मोठ्या अक्षरांत, पोस्टाच्या अर्जावर लिहितात तसं पूर्ण नाव लिहिलं. गीताबाई, मग अंबादास, मग खोब्रागडे. मध्ये नीट जागा सोडून.

तेविसाव्या ओळीला बिल्ड स्क्रिप्ट सुरू झाली आणि लगेच पडदा लाल झाला. गीताबाई नावाचा फोल्डर सापडत नाही, असं संगणक म्हणत होता.

काकूंनी हाताची घडी घातली.

मी गच्चीवर धावले. काका दोन-दोन पायऱ्या उतरले. वाचलं, खाली वाकून पुन्हा वाचलं. स्क्रिप्टला मोकळी जागा दिसली की नाव संपलं असं वाटत होतं. पहिला शब्द घेऊन ती पुढचे दोन टाकून देत होती.

"यानं तर तुम्हालाच काढून टाकलं," काकू म्हणाल्या. "आडनावासकट."

काका हसायला लागले. मग थांबले आणि माझ्याकडे बघितलं. पेरूच्या त्या माणसाचं नाव त्यांनी मला मोठ्यानं वाचायला लावलं. चार शब्दांचं होतं. दोन वर्षं सगळे त्याला सांगत होते की तुझ्याच संगणकात काही बिघाड असेल.

तीन वाजून पाच मिनिटं. स्क्रिप्टमध्ये जिथे जिथे फोल्डरचं नाव येतं, तिथे त्याला दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं लावून बांधायचं होतं, म्हणजे तीन शब्द एक धरले जातील. काका बांधत होते, मी सुटलेलं दाखवत होते. एकोणतीस जागा निघाल्या. काकू मागे उभ्या राहून पोहे खात होत्या आणि तिसावी त्यांनी चमच्यानं दाखवली.

चार वाजता पडद्यावर चार चेहरे आले. नॉर्वेच्या बाईंनी नमस्कार केला. काकांनी इंग्रजीत सांगितलं की पान दुरुस्त आहे आणि हे तपासणारी व्यक्ती दाखवेल, मी खोलीत थांबणार नाही. ते खरोखर निघून गेले. चौघांना ते रुसले असं वाटलं. मी खुलासा केला. माझं इंग्रजी शेक्सपिअरच्या तासाचं. कोरा आदमी म्हणजे काय हे सांगताना माझ्या तोंडून फार उदात्त काहीतरी निघालं असावं, कारण बाईंचे डोळे मोठे झाले.

काकू पहिल्या ओळीपासून बसल्या. लॅपटॉप पुसलेला, फोल्डर नवा, नाव पूर्ण. मध्येच एका साहेबांनी मदत म्हणून सांगितलं की हे दोन हुकूम एकदम देता येतात. काकूंनी बोट ओळीवरून उचललं नाही.

"इथे तसं लिहिलेलं नाही," त्या मराठीत म्हणाल्या. मी भाषांतर केलं. 

तेवीस, चोवीस, पंचवीस. स्क्रिप्ट धावली. अक्षरं इतक्या वेगानं वर सरकत होती की काकूंनी खुर्ची मागे घेतली. एक्केचाळिसाव्या ओळीला पडदा शांत झाला आणि खाली हिरव्यात एक शब्द आला: पूर्ण. काकूंनी तो शब्द पानावरच्या शब्दाशी ताडून पाहिला.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "घ्या."

नॉर्वेच्या बाई टाळ्या वाजवत होत्या. पेरूच्या माणसाला त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्त स्क्रिप्ट धाडली. अर्ध्या तासात त्याचं उत्तर आलं, त्याचा बगळाही उभा राहिला होता. पानं माणसाच्याच हातची राहतील, असं चौघांनी ठरवलं. मतदानाला त्यांना चहा ढवळण्याइतका वेळही लागला नाही. वर एक नियम केला: यापुढे प्रत्येक आवृत्तीआधी चौघांनी आपापल्या देशात एक कोरा माणूस बसवायचा.

मी गच्चीवर जाऊन काकांना सांगितलं. ते पाण्याच्या टाकीला पाठ टेकून उभे होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढायला विसरले.

खाली आलो तर काकू लॅपटॉपसमोरच होत्या. दुसऱ्यांदा सुरुवात केली होती, न वाचता. हात भराभर चालत होते. काकांनी त्यांना सांगून टाकलं की तूही बाद झालीस. काकूंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मंगळवारी पहिला अहवाल आला, नॉर्वेहून. बाईंनी आपल्या सासऱ्यांना बसवलं होतं. वय ब्याऐंशी, मासेमारीत आयुष्य गेलेलं. ते दुसऱ्या ओळीवर थांबले होते, हाताची घडी घालून, आणि पाऊण तास झाला तरी हलायला तयार नव्हते. बाईंनी विचारलं होतं, आता काय करू?

काकांनी एका बोटानं उत्तर लिहिलं: त्यांना कॉफी द्या, ओळ मी बदलतो.