आपोआप थांबणारी गाडी

नवी गाडी घेतली ती लेकीच्या हट्टापायी. तिचे बाबा जाऊन वर्ष झालं होतं, जुनी गाडी सारखी गॅरेजात पडलेली असायची आणि परळहून गिरगावातल्या शाळेत शिकवायला मी रोज एकटीच जायचे. पुण्यात बसून लेकीला माझी काळजी.

"आई, आता आपोआप ब्रेक लागणाऱ्या गाड्या आल्यात. समोर काही आलं की गाडीच थांबते. बाजूला कोणी नसलं तरी चालतं."

शेवटचं वाक्य ती सहज बोलून गेली. मला लागलं, पण पटलंही. शोरूममध्ये गेले तेव्हा तिथल्या बाईंनीही 'हो, थांबते' म्हणून मान डोलावली.

घरोघरी वर्षाचा मसाला करायचे दिवस होते. दुपारी शाळेतून परतताना लालबागला उभ्या टेम्पोआडून एक हातगाडी बाहेर आली. वर मिरच्यांची पोती. मला ती दिसली, आणि खरं सांगते, अर्धा क्षण मी गाडीची वाट बघितली. गाडी ओरडेल, थांबेल. गाडीने काहीच केलं नाही, साधा आवाजही नाही. मग मी ब्रेक दाबला. हातगाडीच्या चाकाला बंपर लागला, एक पोतं घसरून खाली पडलं आणि फाटलं.

आता शिव्या खायच्या या तयारीने खाली उतरले. हातगाडीवाले काका माझ्याकडे बघत म्हणाले, "लागलं नाय ना ताई?" मग दोघांनी बसून मिरच्या गोळा केल्या. येणारा-जाणारा शिंकत होता, आणि आम्ही दोघं तर डोळे पुसत, शिंकत पोतं भरत होतो. भरपाई त्यांनी नको नको म्हणत घेतली.

शनिवारी सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या माणसाने कॉम्प्युटर लावून सगळं तपासलं.

"मॅडम, सिस्टिम ओके आहे. ती पुढे चाललेली गाडी ओळखते. हातगाडी, त्यात आडवी आलेली, म्हणजे गॅरंटी नाही. माणसं ओळखणारी सिस्टिम वरच्या मॉडेलमध्ये येते."

"माणसं वरच्या मॉडेलमध्ये? अहो, मी लालबागमधून जाते. तिथे माणसंच असतात."

"गाडीसोबतच्या पुस्तकात लिहिलंय, मॅडम."

घरी येऊन पुस्तक उघडलं. खरंच लिहिलं होतं, अगदी बारीक अक्षरात. असं बारीक अक्षर वाचणारा माणूस आमच्या घरात एकच होता. हे छापखान्यात मुद्रितं तपासायचे. गाडी कधी शिकले नाहीत, पण माझ्या डावीकडे बसले की रस्ताही तसाच वाचायचे, मोठ्याने. "सायकल. म्हातारा, हातात पिशवी. अगं, ती बाई परत फिरणार बघ." आणि उजवा पाय खालच्या मॅटवर दाबून धरायचे, जणू तिथेही एक ब्रेक होता. मी वैतागायचे. "अहो, दिसतंय मला! शांत बसा ना जरा." वरळीपर्यंतच्या एवढ्याशा फेरीतही आमचं यावरून भांडण व्हायचं. मग समुद्राकडे बघत हे दहा मिनिटं खरंच गप्प बसायचे, आणि परत निघालो की पहिल्याच वळणावर, "टॅक्सी."

पुस्तक मिटून मी बाजूला ठेवलं. त्या गाडीवरचा राग कधी ओसरला कळलं नाही. नुसतं वाटत राहिलं, एकदा कोणीतरी डावीकडून "टॅक्सी" म्हणावं.

पुढच्या आठवड्यात लेक आली. वरचं मॉडेल घेऊ या म्हणाली, मी नको म्हटलं. दादरला खरेदीला निघालो. ती बराच वेळ फोनमध्ये होती. सिग्नलला थांबलो तेव्हा फोन पर्समध्ये टाकत तिने विचारलं, "आई, बाबा सगळं मोठ्याने का सांगायचे गं? लहानपणी काही झालं होतं का त्यांना?"

मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.

"माहीत नाही गं," मी म्हटलं.

सिग्नल सुटला होता. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत होता.