रांगेतली टोपली

शप्पत सांगते, मी तिथे बॉम्ब ठेवायला गेले नव्हते. मी माझ्या पोरीला आकाशपाळण्यात बसवायला गेले होते. आता कुणी विचारलं तर हसून सांगते, पण त्या दुपारी माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. घरात सगळे तिला बाय म्हणतात. तिला ऑटिझम आहे. बोलते फार कमी, आणि बोललीच तर घरच्यांशी. परक्या माणसासमोर तिच्या तोंडून शब्द म्हणून निघत नाही. गोल फिरणारं काहीही दिसलं की तिचा जीव अडकतो. माझी टोपांची सगळी झाकणं जमिनीवर गरगर फिरवून तिने पार चेपवून टाकली आहेत. तिची दुसरी लाडकी वस्तू म्हणजे तिच्या आजोबांचं चावीचं घड्याळ. ते कानाला लावून ती टिकटिक ऐकत बसते. झोपतानाही ते उशीखाली लागतं. माझा नवरा होडीवर आठ-आठ दिवस समुद्रात असतो, पण घड्याळ एक रात्र घराबाहेर राहिलेलं हिला चालत नाही.

गेल्या चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेत तिला पहिल्यांदा आकाशपाळणा दिसला. ती जागच्या जागी उड्या मारायला लागली. आम्ही रांगेत उभे राहिलो. बराच वेळ ती चांगली उभी होती हो. मग चार पोरं मधेच घुसली, त्यांच्या मागे त्यांचा बाप घुसला, आणि बायने माझ्या हाताचा कडकडून चावा घेऊन धुळीत अंग टाकलं. मागून एक बाई म्हणाली, "दोन थोबाडीत ठेवून द्या, गप बसेल." मी म्हटलं, "ये, आधी तुला ठेवून देते." भांडण झालं, पाळणा राहिला. परतताना ती जीपच्या मागच्या काचेला नाक लावून बसली होती, पाळण्याचे दिवे दिसेनासे होईपर्यंत. तेव्हाच मी ठरवलं, एकदा तरी हिला वर घेऊन जायचंच. मग जग इकडचं तिकडे होवो.

पण रांगेचं काय करायचं? उत्तर मला बंदरावर मिळालं. मी मासे विकते. आमच्या आगर गावच्या बंदराला होड्या यायच्या आधी आम्ही बायका किनाऱ्यावर टोपल्या ओळीने मांडून ठेवतो आणि सावलीत जाऊन बसतो. टोपली रांगेत, म्हणजे बाई रांगेत. नुसती रिकामी टोपली मात्र चालत नाही, आत आपलं काहीतरी ठेवावं लागतं. कुणी कोयता ठेवतं, कुणी डोक्यावरची चुंबळ. रांग पुढे सरकली की मागची बाई पुढचीची टोपली उचलून पुढे ठेवते. दुसरीच्या टोपलीची जागा कुणी खाल्ली, तर त्या बाईचं बंदरावर काही खरं नाही. आमच्या तोंडांची कीर्ती पार डहाणू स्टेशनपर्यंत आहे.

सुट्टीत बाय माझ्याबरोबर बंदरावर यायला लागली, आणि मी बघतच राहिले. ही पोरगी अर्धा अर्धा दिवस टोपल्यांच्या ओळीकडे बघत शांत बसायची. रडणं नाही, चावणं नाही. आपली टोपली एक जागा पुढे गेली की हसायची. मग एकदा तिने स्वतःहून आमच्या टोपलीत घड्याळ नेऊन ठेवलं. घड्याळ! त्या दिवशी मी सगळ्यांना सांगत सुटले, की माझ्या पोरीला थांबता येतं.

हे ऐकून नणंद म्हणाली, "मग वहिनी, पार्कात नेऊ ना तिला! हद्दीच्या पलीकडे, गुजरातेत, ते मोठं पार्क आहे. जत्रेतला पाळणा म्हणजे त्याच्यापुढे चिल्लर." नणंद तिची दोन पोरं घेऊन निघाली, मी बाय आणि टोपली घेऊन निघाले. टोपलीत भाकरी, सुकटाची चटणी, पाण्याची बाटली आणि अर्थातच घड्याळ. तलासरीपर्यंत जीप, पुढे दुसरी जीप. हद्दीवरच्या अच्छाडच्या नाक्यावर ट्रकांची ही मोठी लाईन लागलेली. बायने ती लाईन पहिल्यापासून शेवटपर्यंत खिडकीतून बघितली आणि खूश झाली. मला वाटलं, शकुन चांगला आहे.

पार्कातला पाळणा बघून मीच आ वासला. बाप रे, केवढा तो! पण त्याच्या खालची रांग? लोखंडी दांड्यांतून वळसे घेत घेत माणसंच माणसं. शिवाय बाजूला दुसरी छोटी रांग. जास्तीचं तिकीट काढलेले लोक त्यातून येऊन सगळ्यांच्या पुढे बसत होते. म्हणजे घुसायची इथे रीतसर सोय! बायने हे बघितलं आणि तिचा हात माझ्या हातात ताठ झाला. गेटवरच्या माणसाला मी पोरीबद्दल सांगितलं. तो म्हणाला, अशा मुलांना पास मिळतो, सर्टिफिकेट दाखवा. सर्टिफिकेट घरी कपाटात, साड्यांच्या खाली. मला काय स्वप्न पडलं होतं?

नणंद तोवर पोरांना घेऊन पाण्याच्या घसरगुंड्यांकडे पळाली होती. बायला एकटं सोडून मला रांगेत उभं राहता येत नव्हतं, आणि बायला घेऊन उभी राहिले तर पुन्हा जत्रा. मग मी केलं ते, जे आमच्या किनाऱ्यावरची कुठलीही बाई करेल. डबा आणि बाटली काढून घेतली आणि टोपली रांगेत शेवटच्या माणसाच्या मागे ठेवली. बायने आत घड्याळ ठेवलं, वर फडकं घातलं. तेवढ्यात मागे एक बाई येऊन उभी राहिली. मी तिला म्हटलं, "रांग सरकली की माझी टोपली सरकव हं बाई." ती गुजरातीत काहीतरी बोलली आणि गोड हसली. मीही गोड हसले. झालं, माझ्या हिशोबाने काम पक्कं झालं. आम्ही समोरच्या बदामाच्या सावलीत जाऊन बसलो.

बाय इतकी छान बसली होती, काय सांगू. नजर टोपलीवर, तोंडाने हळू टिकटिक. मी भाकरी सोडली, तिला घास भरवला आणि मनात म्हटलं, बघा रे, कशी थांबते माझी पोर.

दुसरा घास मोडते तोच शिट्टी वाजली. मग दुसरी. मग भोंग्यातून कुणीतरी हिंदीत ओरडायला लागलं. पाळणा थांबला, पुन्हा हलला, एकेका खोक्यातून माणसं भराभरा उतरवायला लागले. दांड्यांवरून उड्या मारून लोक धावत सुटले. कुणाची चप्पल राहिली, कुणाचं पोर रडतंय. मला काही कळेना. समोरून नणंद ओल्या कपड्यांत धावत आली. "वहिनी, पळ! बॉम्ब आहे म्हणे!"

मी पण पळाले. भाकरी टाकली, बायचं मनगट धरलं आणि पळाले. बाय किंचाळत होती, मागे ओढत होती. मला वाटलं, शिट्ट्यांना घाबरली. फाटकाजवळ पोचलो तेव्हा नणंद धापा टाकत म्हणाली, "कुणीतरी टोपलीत ठेवलाय म्हणे. टिकटिक वाजतोय."

माझे पाय जागीच थांबले. टोपली. टिकटिक. अगं आई गं! नणंदेचं माझ्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि तिने कपाळावर हात मारला. आणि तेवढ्या वेळात माझी पकड सुटली होती. माझ्या हातात बायचं मनगट नव्हतं.

मी वळले. सगळं मैदान रिकामं. पाळण्याच्या खाली वळसेच्या वळसे मोकळे, चहूबाजूंनी दोरी लावलेली, आणि अख्ख्या रांगेत एकटी माझी टोपली. दोरीच्या बाहेर गर्दी आणि गार्ड. आणि दोरीच्या आत, कानांवर हात दाबून, माझी बाय टोपलीच्या दिशेने चालली होती. धावत नव्हती, चालत होती. तिच्या दृष्टीने काय झालं होतं? पुढचे सगळे गेले होते. आपला नंबर आला होता.

"लडकी को पकडो!" कुणीतरी ओरडलं. पण पकडायला पुढे कोण जाणार? एक गार्ड दोन पावलं गेला आणि तीन पावलं मागे आला. मी दोरीकडे धावले तर दुसऱ्याने माझे दंड धरले. मी ओरडत होते, "घड्याळ आहे! अरे घडी है! घडियाळ छे!" माझा आवाज एरवी बंदरावरून होडीपर्यंत पोचतो. तेव्हा तो कुणालाच ऐकू जाईना. आणि बाय तर वाकली होती.

बॉम्ब नाही, घड्याळ आहे, हे मला माहीत होतं ना? माझंच फडकं, माझीच टोपली. तरी बायने फडकं उचललं तेव्हा मी डोळे मिटले. इतकी माणसं घाबरलेली असताना माझाही माझ्यावर विश्वास राहिला नाही.

डोळे उघडले तेव्हा ती घड्याळ कानाला लावून उभी होती. मग तिने टोपली उचलली, एक एक वळसा पूर्ण करत, एकही न गाळता, पाळण्याच्या गेटपर्यंत गेली. तिथे पाळणा चालवणारा माणूस खांबामागे दडला होता. त्याच्यासमोर तिने टोपली ठेवली आणि म्हणाली, "आमचा नंबर."

हे तिने परक्या माणसाला सांगितलं. मोठ्याने. दोरीबाहेर मला ऐकू आलं.

मग मॅनेजर आला आणि त्याने मला जे काही ऐकवलं ते ऐकवलं. अडाणी म्हणाला, पोलिसात देतो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा मी उलटून बोलले नाही, कारण मी बायकडे बघत होते. पाळणा पुन्हा सुरू करायच्या आधी सगळं तपासायचं होतं. एकेक खोका, एकेक दांडा. ऊन चढलं, लोक हळूहळू परत आले आणि तिच्या मागे रांग लागली. ती टोपलीमागे उभी होती. हलली नाही, रडली नाही. तिला थांबणं जमत नव्हतं असं नव्हतं. रांग मोडलेली तिला सोसत नव्हती. इतकी वर्षं मी सगळ्यांना उलटंच सांगत आले होते.

मॅनेजर पुन्हा आला तेव्हा मला वाटलं, आता बाहेर काढणार. त्याने बायच्या हातातल्या घड्याळाकडे बघितलं, कपाळाचा घाम पुसला आणि वैतागून म्हणाला, "बिठाओ पहले इसको."

आम्ही वर गेलो. अगदी वर. मला चक्कर येत होती, मी दांडा धरून देवीचं नाव घेत होते. बाय हसत होती, पोटातून, गडगडून.

खाली उतरलो. मी म्हटलं, "चल बाय, पटकन निघू." पण ती बाहेरच्या वाटेने निघालीच नाही. सरळ रांगेच्या शेवटाकडे गेली, टोपली ठेवली, आत घड्याळ ठेवलं, वर फडकं घातलं आणि झाडाखाली जाऊन बसली. गार्डने शिट्टी तोंडाला लावली. टोपलीच्या मागे एक जाडशी बाई येऊन थांबली होती. सगळी रांग मान वळवून त्या टोपलीकडे बघत होती. मी पदर खोचला. आता जो कोणी लाथ मारील, त्याची खैर नाही.

रांग सरकली. ती बाई खाली वाकली, कान लावून टिकटिक ऐकली आणि टोपली दोन्ही हातांनी उचलून एक पाऊल पुढे ठेवली.

गार्डने शिट्टी खाली घेतली. रांग पुन्हा सरकली, तिने पुन्हा उचलली. झाडाखालून बाय हसली. भांडायला म्हणून उघडलेलं माझं तोंड तसंच राहिलं, आणि मी तिथेच, सगळ्यांच्या देखत, हमसून हमसून रडले.