अडलेली चलानं

चाकणच्या आमच्या कारखान्यात ब्रेकचे पाइप बनतात आणि जवळच्याच एका मोठ्या मोटार कंपनीकडे दिवसभर टेंपोने जात राहतात. मी तिथला कॉम्प्युटर विभाग सांभाळते. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि एसीच्या खोलीतलं काळं मशीन. पीसीपेक्षा बरंच मोठं, बँकांकडच्या अवाढव्य मशीनपेक्षा लहान, असं मधल्या चणीचं. माल किती बनला, कुठे गेला, सगळं त्याच्या पोटात. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. नव्याने आलेल्या प्रत्येक साहेबाला ती बघून हसू येतं.

गेल्या उन्हाळ्यात या मशीनवरून चलानं, म्हणजे मालासोबत जाणारे कागद, निघायला वेळ लागू लागला. चलान हातात असल्याशिवाय टेंपो गेटाबाहेर जात नाही. आधी बटण दाबलं की बोट उचलायच्या आत प्रिंटर करकरायला लागायचा. आता बटण दाबून चहा मागवावा, तो यावा, पिऊन व्हावा, तरी कर्सर आपला जागच्या जागी.

डिस्पॅचचे सुपरवायझर पन्नाशीचे. ज्या गावांच्या शेतांवर ही एमआयडीसी उभी राहिली, त्यांतल्याच एका घरातले. मी त्यांना दादा म्हणते, ते मला ताई. त्यांचा फोन आला की मला आधीच घाम फुटायचा.

"ताई, परत गपगार पडलंय बगा. गाड्यांची रांग पार रस्त्याला लागलीय. डायवर लोक माझ्या डोक्यावर बसल्यात."

"बघते दादा, बघतेच आहे."

"तुमी बगताय व्हय, पण ते हलत न्हाई ना!"

मशीन का हलत नाही, याबद्दल कारखान्यात प्रत्येकाचं ठाम मत होतं. नेटवर्कवाल्याने केबल बदलली आणि बदलली म्हणून सही घेऊन गेला. देखभालीचं कंत्राट असलेल्या कंपनीने फोनवरच निदान केलं, मेमरी वाढवा. त्यांच्याकडे कुठल्याही दुखण्यावर हेच एक औषध असतं. आणि आमचे प्लँट हेड जाता जाता म्हणाले, "मॅडम, ते म्युझियमला देऊन टाका आता."

मशीनवर कोण काय काम करतंय ते मशीन स्वतःच दाखवतं. ती यादी उघडली की सगळ्यात वर कायम एकच काम. डिस्क वाचतंय, वाचतंय, मग थांबतंय, की पुन्हा पहिल्यापासून वाचतंय. चालवणारा कोण? तर मुख्य कचेरीच्या नावाने सगळ्यांना वापरायला दिलेलं एक लॉगिन. म्हणजे कुणीही. मी अकाउंट्समध्ये विचारलं, स्टोअरमध्ये विचारलं, क्वालिटीत विचारलं. "आमचं नाही" हे उत्तर देताना कुणी मान वर करायचीही तसदी घेतली नाही.

त्याच सुमाराला मीटिंग हॉलच्या भिंतीवर एक भलामोठा टीव्ही लागला होता. आज कुठली गाडी कधी निघणार होती आणि कधी निघाली, हे त्यावर दिसायचं. वेळेवर गेलेली हिरवी, उशिरा गेलेली लाल. प्रत्येक ओळीपुढे जबाबदार माणसाचं नाव. मुख्य कचेरीने ही भेट पाठवली होती आणि प्लँट हेडना तिचं फार कौतुक. सकाळच्या मीटिंगला ते टीव्हीच्या बाजूला उभे राहू लागले.

एका सकाळी भिंत लालभडक होती, आणि प्रत्येक लाल ओळीपुढे दादांचं नाव.

"आज परत तुम्हीच," प्लँट हेड म्हणाले.

दादा सगळ्यांत मागे उभे होते. "सर, गाडी भरून तयार असती. चलानच निगत न्हाई."

"मला कारणं नकोत. पडद्यावर काय दिसतंय ते बघा."

"सर, सिस्टिम स्लो आहे," मी म्हटलं. "माझं शोधायचं काम चालू आहे."

"तुमचं ते चालूच असतं, मॅडम."

कुणीतरी हसलं. दादा खाली बघत राहिले. इतकी वर्षं या माणसाने एकही गाडी चुकीच्या दारात पाठवली नव्हती, आणि आता शिकाऊ इंजिनिअरांपुढे त्यांना असं उभं केलं होतं. बोलून उपयोग नव्हता म्हणून मी मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. तीच यादी उघडी होती. ते अनोळखी काम शांत बसलेलं. तेवढ्यात समोर टीव्हीच्या कोपऱ्यात छोटं चक्र फिरायला लागलं, म्हणजे ताजी माहिती येत होती. आणि माझ्या लॅपटॉपवर त्या कामाचे आकडे उसळले. चक्र थांबलं, आकडे थांबले. मी पुढच्या वेळेची वाट बघितली. पुन्हा तेच. आणखी एकदा तेच.

मीटिंग संपताच मी जागेवर जाऊन दादांना फोन लावला. "दादा, मी इकडे एक काम बंद करतेय. मी सांगितलं की चलानाचं बटण दाबा. हं, दाबा."

फोनमधून प्रिंटरचा आवाज आला.

"आलं की ओ!" दादा ओरडले. "थांबा, दुसरं काडतो. आलं! ताई, काय केलं काय तुमी?"

मला सांगायला वेळच मिळाला नाही, कारण दुसऱ्या फोनवर प्लँट हेड होते. "मॅडम, माझा टीव्ही बंद पडलाय. उद्या कस्टमरची माणसं येणार आहेत."

"सर, चलानं त्या टीव्हीमुळेच अडत होती."

"टीव्ही फक्त बघतो, मॅडम. तो काय अडवणार?"

मी समजावून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते सगळं ठीक आहे, पण चालू करा." मी चालू केला. दादांचा प्रिंटर पुन्हा मुका झाला.

टीव्हीचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कन्सल्टंटला मुख्य कचेरीत गाठलं. "मॅम, मेरे यहाँ तो एक सेकंड में आता है," तो म्हणाला. येणारच, त्याच्याकडे चाचणीपुरत्या चिमूटभर नोंदी होत्या. बरीच मनधरणी केल्यावर त्याने मशीनला विचारायचा प्रश्न, म्हणजे त्याची क्वेरी, पाठवली. ती वाचून मी डोकं धरलं. आमच्या मशीनमध्ये तारीख साध्या आकड्यांत लिहिलेली असते. याची क्वेरी आधी प्रत्येक नोंदीतला आकडा उचलून त्याची तारीख बनवायची आणि मग ती आजची आहे का ते बघायची. म्हणजे आजच्या मूठभर गाड्यांसाठी कारखाना सुरू झाल्यापासून गेलेली प्रत्येक गाडी तपासायची, आणि चक्र फिरलं की पुन्हा तेच. नोंदी पटकन सापडाव्यात म्हणून मशीनमध्ये इंडेक्स असतो, पुस्तकाच्या शेवटी सूची असते तसा. अशा उलट्या प्रश्नापुढे तोही निकामी.

"एक ओळ बदलायची आहे फक्त," मी हिंदीत म्हटलं.

"चेंज रिक्वेस्ट डालिए मॅम. नेक्स्ट रिलीज में देखते हैं."

म्हणजे पावसाळा संपेपर्यंत दादांनी रोज सकाळी मान खाली घालायची. मी मनातल्या मनात त्याला जे म्हणायचं ते म्हणून घेतलं आणि दुसरी वाट धरली. तो तारीख जशी बनवत होता, अगदी तशीच आधी बनवून मांडलेला एक नवा इंडेक्स माझ्या बाजूने तयार करायचा. त्याची क्वेरी तशीच राहू दे, मशीनला उत्तर आयतं मिळेल. पण इंडेक्स बनत असताना चलानं काढता येत नाहीत. म्हणून गुरुवार, आमच्याकडच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस. ताथवड्याला घरी सगळ्यांचा बाहेर जेवायचा बेत होता. मी पोळीभाजीचा डबा घेऊन रिकाम्या कारखान्यात एसीच्या खोलीत शाल पांघरून बसले, आणि ते मशीन जुन्या गाड्या मोजत बसलं.

शुक्रवारी दादांचा फोन नाही. शनिवारी नाही. मग मीच खाली डिस्पॅचला गेले. प्रिंटर करकरत होता आणि दादा एका ड्रायव्हरला निवांत पत्ता समजावत होते.

सोमवारच्या मीटिंगला भिंत हिरवीगार. प्लँट हेड टीव्हीकडे हात करून म्हणाले, "बघा. पडदा लावला आणि शिस्त आली."

मी तोंड उघडलं. खरं काय झालं ते सांगितलं, टीव्हीच गाड्या अडवत होता हेही सांगितलं. ते हसून म्हणाले, "टीमवर्क, मॅडम, टीमवर्क," आणि पुढच्या विषयाला गेले. दादांना कुणी काही म्हटलं नाही. चुकलं, एवढंही नाही.

बाहेर आल्यावर मी चरफडत होते. "दादा, तुम्ही तरी बोलायचं की!"

"जाऊ द्या ताई. काय बोलायचं? गाड्या निगाल्या ना." ते दोन पावलं चालले आणि थांबले. "एक काम हुईल का पण? त्या पडद्यावरनं माझं नाव काडता येईल? नातू कंपनी बगायला येणार हाय, फॅमिली डेला."

टीव्हीवर नावं येतात ती आमच्याच मशीनमधल्या एका तक्त्यातून, आणि तो माझ्या हातात. मी कुणालाही न विचारता दादांच्या नावाच्या जागी 'डिस्पॅच विभाग' लिहिलं. आजतागायत कुणाच्या लक्षात आलेलं नाही.