धार काढणारा हात

मुलांनो, धरणगावच्या आरोग्य शिबिरात रांगेत माझ्यापुढे एक अनोळखी बाई होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, बारीक अंगाच्या, डोक्यावरचा पदर सारखा सावरणाऱ्या. सोबत मुलगा होता. आईला आता झेपत नाही, तेव्हा तिची म्हैस विकायची, असं त्याने ठरवलं होतं आणि डॉक्टरांकडून तेच वदवून घ्यायला तो आला होता.

डॉक्टर मुलीने पकड मोजायचं यंत्र त्यांच्या हातात दिलं. "हाताची पकड कमी झाली की आजारपणाचा, पडण्याचा धोका वाढतो, आजी," ती म्हणाली.

बाईंनी डोळे मिटून मूठ हळूच आवळली. काटा जेमतेम हलला.

"दख माय! आते म्हैस इकी टाकू," मुलगा म्हणाला.

"आजी, जोर लावून दाबा!" डॉक्टर म्हणाली.

"मंग आधी सांगानं ना! मी म्हशीना थान धरस तसं धरं व्हतं. तिले दुखाले नको."

पदर खोचून त्यांनी पुन्हा मूठ आवळली. काटा सरसर वर चढला. डॉक्टर खुर्चीतून उठलीच. "या वयात अशी पकड! आजी, तुमचं काम मुळीच सोडू नका."

मुलाला ते पटेना. बाईंनी शांतपणे त्याचं मनगट धरलं.

"ओ माय, सोड!" तो कळवळला. सगळी रांग हसली आणि मी, तुमच्या शिस्तीच्या आजीने, चक्क टाळ्या वाजवल्या.

"म्हैस घरमाच ऱ्हाई," त्या म्हणाल्या. "तू बी आते धार काढाले शिक."